बीपीची भाकरी

म्हाताऱ्या माणसाला काही विकायचं असेल तर त्याला म्हातारं म्हणायचं नाही, हा भाच्याने मला दिलेला पहिला धडा. भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा. हैदराबादला एका कंपनीत जाहिरातीचं काम करतो. दुसरा धडा पाकिटाचा: ते दातांनी फाडायची वेळ येऊ नये. तिसरा अक्षरांचा: चष्मा शोधायच्या आत वाचून झालं पाहिजे. हे तिन्ही धडे मी मन लावून शिकलो. तिसऱ्या धड्याने मला झोप येईनाशी झाली आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

हुमनाबादला हायवेच्या मागच्या बाजूला माझा फरसाणाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन भट्ट्या, एक पत्र्याचं शेड आणि सहा बाया. शेव, पापडी, चिवडा करून ढाब्यांवर आणि गावोगावच्या किराणा दुकानांत टाकायचा, हा धंदा वीस वर्षं चालला. मग दुकानदार कुरकुरायला लागले. "अण्णा, गावात राहिलीत कोण? म्हातारी माणसं. त्यांना डॉक्टर तेल नको म्हणतो, मीठ नको म्हणतो. तुमची शेव कोण खाणार?" खरंच होतं. पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला. मागे आई-बाप, बीपीच्या गोळ्या आणि दिवसभर तोंडाला काही नाही.

भाचा म्हणाला, "मामा, हेच तर गिऱ्हाईक. यांच्यासाठी कुणीच काही करत नाही."

आमच्याकडे कडक भाकरी असते. ज्वारीची, कागदासारखी पातळ थापून तव्यावर वाळवलेली, महिना टिकते. तिचे बोटभर तुकडे करायचे, वर शेंगाची चटणी, जवस, कारळ लावून पुन्हा भाजायचे, तेलाचा थेंब नाही. सोनेरी छपाईचं देखणं पाकीट करायचं. मोठ्या शहरांतल्या काचेच्या दुकानांत असलंच काही परदेशी नावाने विकतात, तसं. पहिला घाणा घेऊन मी अक्काकडे दुबलगुंडीला गेलो. तिने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून बराच वेळ चघळला.

"भाकरी हाय का पापड?"

"भाकरीच की."

"मग पाकिटात कामून घातलास? भाकरीला कापडात ठिवतेत." मग हसून म्हणाली, "चांगली हाय रे. पर मिठाचं काय? आमाला मीठ बंद हाय."

मिठाचंच कोडं होतं. मीठ घालावं तर आरोग्याचं म्हणता येत नाही, न घालावं तर कुणी दुसऱ्यांदा घेत नाही. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडे वेगळं मीठ मिळालं. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. चव जवळजवळ तीच. त्याने गोणी टेम्पोत टाकताना सांगितलं, "बीपीवालों के लिए एकदम अच्छा है सेठ. बस, गुर्देवालों को नक्को देना." किडनीवाल्यांना देऊ नका, हे त्याने ओल लागू देऊ नका सांगतात तसंच सांगितलं. मीही तसंच ऐकलं.

मी फोनवर सहज सांगितलेलं ते वाक्य भाच्याने मात्र पाकिटावर घेतलं होतं. मागच्या बाजूला, खाली, कन्नड आणि इंग्रजीत दोन ओळी. त्याला श्रेय द्यायलाच हवं. छापील पाकिटं आली तेव्हा लक्षात आलं की मराठी कुठेच नाही. आणि आमची सीमेवरची गावं. माझी पिढी शाळेत कन्नड लिहायला-वाचायला शिकली. माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठी असलेली अक्का मराठी शाळेत सातवीपर्यंत गेली. तिच्या वयाची सगळी माणसं कन्नड घडाघडा बोलतात, बाजारात भांडतात, लग्नात चेष्टा करतात; पण कन्नड अक्षर त्यांच्यासाठी नक्षी आहे. म्हणून आम्ही मराठी स्टिकर छापून घेतले. टपोऱ्या अक्षरांत: "बीपी आहे? काळजी नको! मीठ कमी, चव तीच. आपल्या मातीतली ज्वारी."

स्टिकर लावायचं काम अक्काच्या ओसरीवर गल्लीतल्या तीन-चार बायका करायच्या. समोरच्या बाजूला चित्र होतं, मागे वरच्या अंगाला किंमत आणि तारीख. मोकळी जागा खालीच होती. पहिल्या दिवशी अक्काने एक पाकीट मांडीवर घेतलं, स्टिकर धरला आणि थांबली.

"हितं काय लिव्हलंय रे बारीक? ह्याच्यानं झाकायलंय की."

मी वाचलं. कन्नड मला येतं. वाचून म्हणालो, "असंच असतंय कायतरी. पत्ता-बित्ता. लाव तू."

तिने अंगठ्याने स्टिकर दाबला. कडा उचलू नये म्हणून चारी बाजूंनी नख फिरवलं. अक्काला कुठलंही काम अर्धवट आवडत नाही.

त्याच संध्याकाळी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "थोडं वर लावा ना, मामा." मी म्हटलं, वर किंमत झाकते. तो म्हणाला, "बरं, हा लॉट जाऊ द्या. पुढच्या छपाईत तिन्ही भाषा घेऊ." पुढची छपाई झाली तेव्हा तो बंगळुरात होता आणि मी जुनाच साचा चालवला.

माल अक्काने खपवला. सोमवारी संध्याकाळी महादेवाच्या देवळात भजन असतं. भजन संपलं की ती दोन पाकिटं फोडून ताटात ओतायची आणि ताट फिरवायची. कुणी हात आखडला तर म्हणायची, "खा की, माझ्या भावानं केलंय. शाणा हाय माझा भाऊ." एक निवृत्त गुरुजी होते. ते पाकीट हातभर लांब धरून स्टिकर मोठ्याने वाचून दाखवायचे, वर्गात वाचल्यासारखं. "काळजी नको" या शब्दांवर ते नेहमी थांबायचे. माणसं हसायची. मला ते फार आवडायचं.

लोक दुकानात जाऊन पाकिटाचं नाव सांगतच नसत. "बीपीची भाकरी द्या" म्हणत. भाच्याला ही बातमी फोनवर दिली तेव्हा तो आनंदाने ओरडलाच. असं नाव पैसे देऊन मिळत नाही म्हणाला.

एका सोमवारी गुरुजी मला देवळाच्या पायरीवर भेटले. "तुला एक गंमत सांगतो. गोळी सोडून दिलो मी."

"कुठली गोळी?"

"बीपीची. आता तुझी भाकरीच चालू हाय की. सकाळी चार तुकडे, संध्याकाळी चार."

"गुरुजी, गोळी सोडू नका. ही खायची वस्तू आहे नुसती."

"आता घाबरायलास व्हय! तूच लिव्हलास की काळजी नको म्हणून." त्यांनी शेजारच्याला कोपर मारलं. सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने भाकरी थापता थापता हात थांबवला. "उद्याच्या उद्या जाऊन नीट सांगून या त्यांना." दुसऱ्या दिवशी बीदरची मोठी ऑर्डर होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो बिघडला. नंतर मी गेलो नाही. आपण फार मनावर घेतोय, असं मला वाटायला लागलं होतं. आणि असं वाटणं सोयीचं होतं.

त्या थंडीत अक्काच्या हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या. पाय घोट्यापाशी पिठाच्या गोळ्यासारखे झाले होते. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मी म्हटलं, "अक्का, पाय सुजलेत की."

"बसून बसून. दिसभर तुझे स्टिकर चिकटवायलाव की आमी."

तिला साखरेचा त्रास होता, हे मला माहीत होतं. ती अधूनमधून बीदरला डॉक्टरांकडे जाते, हेही माहीत होतं. तिथे तिला काय सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही. एकदा दुपारी तिच्याकडे जेवायला थांबलो, तेव्हा तिने आपल्या अळणी वरणावर पाकिटाच्या तळाशी उरलेला मसाला झटकला. पाकीट उलटं करून, टिचक्या मारून. "चवच न्हाई बाबा डॉक्टरच्या जेवणाला. हे हाय म्हणून जेवण जायलंय." मी तिच्या ताटाकडे बघत बसलो. व्यापाऱ्याचा शब्द मला आठवला. मी पाणी प्यायलो.

येळ अमावस्या आली. आमच्या भागात त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याची खोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. भज्जी, आंबील, उंडे, खीर. आणि त्या दिवसाचा नियम असा की रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बोलवायचं. ओळख विचारायची नाही, जातगोत विचारायचं नाही. दुसऱ्याच्या शेतात जेवलेला माणूस तृप्त होऊन गेला की पीक चांगलं येतं म्हणतात. अक्काचं शेत हुमनाबादच्या रस्त्याला अगदी लागून. तिच्याकडे दरवर्षी पंचवीस-तीस अनोळखी माणसं जेवून जातात.

त्या वर्षी तिने जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक पाकीट ठेवलं. मीच दोन मोठी खोकी नेऊन दिली होती. भाच्याच्या भाषेत ही जाहिरात होती, अक्काच्या भाषेत वाणवसा.

दुपारी कलत्या उन्हात एक लाल गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. अक्का बांधावर उभी राहून हाक मारत होती, "या हो, जेवून जावा! आज उपाशी जायचं नसतंय!" गाडीतून एक नवरा-बायको उतरले आणि त्यांनी मागच्या दारातून एका वयस्क माणसाला हाताला धरून उतरवलं. त्या वयस्काच्या पायांत चप्पल नव्हती. चप्पल घालताच येणार नाही, असे पाय होते. चकचकीत, ताणलेले. ते बांधावरून सावकाश आले, घोंगडीवर टेकले आणि खूप थोडं जेवले. लातूरकडचे असावेत, बोलण्यावरून वाटलं. सून म्हणाली, "त्यांना मीठ चालत न्हाई." त्यावर अक्का म्हणाली, "थांबा, त्यांच्यासाठी हाय माझ्याकडं."

तिने त्यांना पाकीट फोडून दिलं. ते खायला लागले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू चव आली. मी पाच हातांवर उभा होतो. त्यांचे पाय बघत होतो. अक्काच्या पायांसारखेच पाय होते ते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "कुठं चाललात?" ते म्हणाले, "दवाखान्यातून आलो, घरी चाललो." मी मान हलवली. जाताना अक्काने त्यांच्या सुनेच्या पिशवीत आणखी तीन पाकिटं कोंबली. गाडी धूळ उडवत गेली. हरभऱ्यावर ती धूळ बराच वेळ बसत होती.

त्यानंतर आठवडाभराने अक्काच्या हातातून तांब्या पडला. पाय उचलत नाहीत म्हणाली. छातीत काहीतरी हळू हळू चालल्यासारखं वाटतंय म्हणाली. बीदरच्या दवाखान्यात नेलं. यंत्राच्या कागदावर रेघा उमटल्या, रक्त घेतलं, धावपळ झाली. संध्याकाळी तिला जरा बरं वाटल्यावर डॉक्टर बाई आत आल्या. तरुण, कन्नड बोलणाऱ्या. अक्काला त्या ओळखत होत्या; ती त्यांचीच जुनी पेशंट होती. त्यांनी तिला रागावूनच विचारलं. "आजी, किडनी कमजोर आहे म्हणून मी दोन वर्षं तुम्हाला सांगतेय. रक्तात पोटॅशियम इतकं कसं चढलं? नारळपाणी पीत होता? बाहेरचं काही औषध? घरात मीठ कुठलं आहे?"

दोन वर्षं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मला उत्तर येत होतं. त्या खोलीत फक्त मलाच येत होतं. मी अक्काच्या उशाशी असलेल्या सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिलो.

अक्का कन्नडमध्ये म्हणाली, मीठ मी खातच नाही, फक्त माझ्या भावाची भाकरी खाते, बीपीची आहे ती. आणि उशाखालच्या पिशवीतून तिने पाकीट काढून डॉक्टर बाईंच्या हातात दिलं. अभिमानाने दिलं. "हाच माझा भाऊ," असंही सांगितलं.

बाईंनी पाकीट उलटंसुलटं केलं. घटक पदार्थ वाचले. त्यांचं बोट स्टिकरपाशी थांबलं. मग त्यांनी नखाने स्टिकरचा कोपरा उचलायला सुरुवात केली. तो सहज निघत नव्हता. अक्काने चारी बाजूंनी नख फिरवून बसवलेला होता. अर्धा फाटून आला. उरलेला त्यांनी खरवडला. आणि खालची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. "मूत्रपिंडद तोंदरे इरुववरु वैद्यर सलहे इल्लदे सेविसबारदु." किडनीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

अक्काला कन्नड वाचता येत नाही. ऐकलेला शब्द न् शब्द समजतो.

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याहून इतका लहान की तिने मला कडेवर घेऊन वाढवलेलं. माझं खोटं ती लहानपणापासून नुसत्या नजरेने ओळखायची. त्या दिवशी तिला ओळखायचं काही उरलंच नव्हतं.

"हे कुणी झाकलं?" बाईंनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "नाने." मीच. आणि मग मराठीत, कुणालाच उद्देशून नाही असं, "मीच चिकटवले. समदे माझ्याच हातचे हायेत."

"नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं तिला लावायला. मला वाचता येतं." आवाज माझाच होता, पण इतका उशिरा आलेला की बाईंनी त्याच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. त्या म्हणाल्या, "आणखी कोण खातंय हे? काही बीपीच्या गोळ्यांबरोबरही हे चालत नाही. आधी सगळ्यांना सांगा."

बाई गेल्या. मी अक्काचा हात धरायला गेलो. तिने तो काढून घेतला नाही, पण माझा हात धरलाही नाही. मग विचारलं, "आमुशाला ते लाल गाडीवाले आलते. कुठलं गाव म्हणाले?"

"सांगितलं नाही."

"तू इचारलास की."

"कुठं चाललात, एवढंच विचारलो."

"पाय बघितले मी त्यांचे," ती म्हणाली. "माझ्यासारखेच हायेत म्हणून जास्तीची दिले."

दुसऱ्या दिवसापासून मी गावोगाव फिरलो. दुकानांतला माल उचलला. देवळात उभं राहून सांगितलं. गुरुजींकडे आधी गेलो. ते बरे होते, पण बीपी फार वाढलेलं निघालं. त्यांच्या मुलाने मला दारातच उभं केलं आणि जे बोलायचं ते बोलला. मी ऐकून घेतलं. काही म्हाताऱ्यांनी पाकिटं परत द्यायला नकार दिला. एक आजी म्हणाली, "चांगली वस्तू हाय. आता शहरात जास्त भाव मिळायला असंल, म्हणून परत मागायलास व्हय?" तिच्याकडून मी ती जवळजवळ हिसकावून घेतली. पण येळ अमावस्येची पाकिटं कुणाकडून आणायची? तो दिवसच असा की कोण आलं, कोण गेलं, हे कुणी विचारत नाही. उदगीर, लातूर, जहिराबाद. जिथे जिथे ओळख होती तिथे फोन केले. दवाखान्यांत चौकशी केली. सुजलेल्या पायांचा एक वयस्क माणूस, मुलगा, सून, लाल गाडी. ऐकणारा प्रत्येक जण म्हणायचा, अशी तर पुष्कळ येतात.

अक्का वाचली. आता आठवड्यातून दोनदा तिला बीदरला मशीनवर न्यावं लागतं. मीच नेतो. गाडीत ती भाच्याबद्दल बोलते, पावसाबद्दल बोलते, माझ्या बायकोची चौकशी करते. पाकिटाचं नाव काढत नाही. भाकरीचे तुकडे मी अजून करतो. साधं मीठ, तेही चिमूटभर, आणि कुणी खाऊ नये ते समोरच्या बाजूला मराठीत, कन्नडमध्ये सर्वात मोठ्या अक्षरांत. भाचा म्हणतो, असलं वाचून कोण घेईल? फारसं कुणी घेत नाही.

यंदाच्या येळ अमावस्येला अक्काने शेतात जायचा हट्ट धरला. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. खोप केली, पांडव मांडले. तिला खुर्चीवर बसवलं तर तिने खुर्ची फिरवून घेतली, तोंड रस्त्याकडे. भज्जीचं पातेलं, खीर, सगळं मागे राहिलं. दिवसभर ती हाका मारत होती. आवाज पूर्वीसारखा चढत नाही, म्हणून मी तिच्या शेजारी उभा राहून तिच्या हाका पुढे नेत होतो. पुष्कळ गाड्या थांबल्या. माणसं उतरली, बांधावरून आली, जेवली. तिने कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. प्रत्येक गाडीचं मागचं दार उघडलं की ती किंचित पुढे वाकायची आणि जमिनीवर टेकणारे पाय बघायची.

दिवस मावळताना लांबून एक लाल गाडी आली. अक्काने खुर्चीचे हात घट्ट धरले. मी बांध ओलांडून रस्त्यावर गेलो, दोन्ही हात वर केले. गाडी हळू झाली. समोर एक पुरुष, शेजारी एक बाई. तेच होते की नाही, काचेवरच्या उन्हात दिसलं नाही. मी वाकून मागच्या सीटकडे बघितलं. मागची सीट रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले, घाई आहे असं खुणेने सांगितलं आणि गाडी पुढे गेली.

परत आलो तेव्हा अक्काने विचारलं, "कोण होते?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. या वेळी मी खरं बोलत होतो, आणि ते तिला कळायला काही मार्ग नव्हता.